कॅमेरा क्र. १७ समोरील पायांबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी (प्रादेशिक),
वनपरिक्षेत्र कार्यालय, सावरटोला,
जिल्हा चंद्रपूर.

विषय : मौजा सावरटोला येथील मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरचा (बांधावरचा) कॅमेरा क्र. १७ न हलविणेबाबत, अर्जदाराच्या चालण्यास 'उपद्रव' न म्हणणेबाबत आणि एक फोटो न पुसणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २४ नोव्हेंबर २०२५.
२) वनरक्षक श्रीमती रिना मडावी यांना त्याच दिवशी दिलेला, खुलासा मागणारा मेमो.
३) डॉक्टरांची चिठ्ठी : "रोज चालणे, ४० मिनिटे" (अक्षर लागत नाही, पण असेच आहे).

महोदय,

मनुष्यप्राणी ज्या दिवशी चार पाय सोडून दोन पायांवर उभा राहिला, त्या दिवशी संस्कृतीची पहाट झाली. तो चालला म्हणून नद्या ओलांडल्या गेल्या, गावे वसली, बाजार भरले आणि यथावकाश वनखातेही स्थापन झाले. प्रस्तुत अर्जदार मात्र या सर्व काळात बसून होता.

१. अर्जदाराचे नाव वहाब हुसेन शेख, वय ६७, राहणार सावरटोला, व्यवसाय टेलर. बस थांब्यासमोरच्या दुकानात त्याने एक्केचाळीस वर्षे मशीन चालवली. आपल्या कार्यालयातील दोन पिढ्यांच्या खाकी पँटी त्याच्या हाताखालून गेल्या आहेत. कोणत्या वनपालाचा डावा खांदा उतरता आहे, कोणत्या बाबूला खिसा एक इंच जास्त खोल लागतो, हे सरकारी दप्तरात नसेल, पण अर्जदाराच्या मापाच्या वहीत आहे. महोदयांचेही माप त्या वहीत तीन वेळा आलेले आहे. ते गोपनीय असल्याने येथे उघड करण्यात येत नाही. एवढेच नमूद करणे भाग आहे की, तिसऱ्या खेपेस शिवणीच्या आत राखलेले जादा कापड संपले. यापुढे पँट सैल करता येणार नाही, साहेबांनाच आत यावे लागेल. हे लिहिण्यामागे अर्जदाराचा हेतू निव्वळ आरोग्यविषयक आहे.

२. गिऱ्हाईक उभे राहून माप देई आणि अर्जदार बसून शिवे. जेवण मशीनवर, चहा मशीनवर, शेजाऱ्यांची भांडणे मिटवणेही मशीनवरच. पुढे तयार गणवेश येऊ लागले, दुकान बंद झाले आणि मशीन घरच्या ओसरीवर आली. तेव्हा अर्जदाराची कंबर ४१ इंच होती. साखर किती होती ते डॉक्टरांनी कागदावर लिहिले आणि कागद उलटा ठेवला, यावरून अर्जदार काय ते समजला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्यायच्याच, पण रोज चाला. साखर उतरेल, दम वाढेल, झोप लागेल, गुडघे मोकळे होतील, मनही रमेल. एवढे सगळे एका चालण्याने होत असेल तर दवाखाना कशासाठी ठेवला आहे, असे अर्जदाराने विचारले. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

अर्जदाराचा मुलगा अजीम गडचांदूरला सिमेंट कारखान्यात फिटर आहे. त्याने पावले मोजणारे घड्याळ पाठवले. रोज सहा हजार पावले झालीच पाहिजेत, आकडा आपोआप त्याच्या मोबाइलवर जाणार, अशी व्यवस्था होती. येथे अर्जदाराच्या हातून एक चूक झाली, जी टेलरशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून होणे नाही. त्याने घड्याळ मनगटाऐवजी पायाच्या घोट्यावर बांधले आणि मशीनचे पायडल मारत बसला. पहिल्याच दिवशी नऊ हजार चारशे पावले झाली. नात महेक हिचा अभिनंदनाचा फोन आला. पंधरा दिवसांत अर्जदार, घड्याळाच्या मते, चंद्रपूर मागे टाकून नागपूरच्या वाटेला लागला होता. प्रत्यक्षात अकरा उशांच्या खोळी शिवून झाल्या होत्या. सोळाव्या दिवशी अर्जदाराची पत्नी आबिदा हिचे लक्ष घोट्याकडे गेले.

आबिदा अहेरीची. ती घरात हिंदी बोले, रस्त्यावर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. ती म्हणाली, "पोराले काऊन फसवून राह्यले? बैठे बैठे नागपूर जा रहे! उठा. चपला घाला. मी हाय ना संग." अर्जदाराच्या चालण्याचा आरंभ हा असा आहे. यात त्याचे स्वतःचे कर्तृत्व काही नाही, हे तो प्रामाणिकपणे कबूल करतो.

३. पहिल्या दिवशी दोघे डांबरी रस्त्याने निघाले. महोदय बाहेरून बदलून आलेले आहेत म्हणून येथील रीत सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे म्हातारा माणूस रस्त्याने पायी दिसला तर त्याच्यावर काहीतरी संकट कोसळले आहे असे धरले जाते, आणि त्याला गाडीवर घेतल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. पन्नास पावलांवर रामाजीने मोटारसायकल थांबवली. "चाचा, पायदळ काऊन? बसा." व्यायाम करून राह्यलो, असे सांगितले. त्यावर तो म्हणाला, "व्यायाम मंग करजा, पहिले बसा." नाही म्हणणे म्हणजे त्याच्या गाडीचा अपमान. अर्जदार बसला. आबिदाला मागून आलेल्या ऑटोतल्या बायांनी हात धरून आत ओढले. रामाजीने फाट्यावर उतरवले. तेथून अर्जदार परत पायी निघाला, तर लोकेशने ट्रॅक्टर थांबवला आणि आदराने ट्रॉलीत चढवले. ट्रॅक्टर उलट दिशेला चालला आहे हे ट्रॉलीत बसल्यावर कळले. त्या सकाळी अर्जदाराचा एकूण प्रवास एकोणीस किलोमीटर झाला, पैकी पायी एकशे चाळीस पावले. घरी पोचला तेव्हा आबिदाची भाजी निवडून झाली होती.

अर्जदाराची याबाबत कोणाविरुद्ध तक्रार नाही. या भागात माणसाला कोणीही गाडीवर घेते. सोबत चालायला मात्र कोणी उतरत नाही.

४. नोटिशीत महोदयांनी पर्याय म्हणून ग्रामपंचायतीसमोरची व्यायामाची यंत्रे सुचविली आहेत. त्यांचाही अनुभव घेऊन झाला आहे. सहापैकी तीन यंत्रे जाम आहेत, एकावर गोधड्या वाळतात, एकाला शेळी बांधलेली असते. सहाव्यावर लटकले की समोरच्या पानठेल्यावरून "डॉक्टरनं सांगतलं का जी?" अशी चौकशी होते, आणि ती लटकलेल्या स्थितीत पूर्ण करावी लागते.

म्हणून मामा तलावाची पाळ. ईदगाहच्या मागून निघायचे, पाळीवरून मोहाच्या मोठ्या झाडापर्यंत जायचे आणि परत. गाडी जात नाही, त्यामुळे कोणी उचलत नाही. पाळीच्या अलीकडे गाव, पलीकडे आपले जंगल. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे वाघाची पावले दिसली आणि दि. ५ रोजी श्रीमती रिना मडावी यांनी मोहाच्या बुंध्याला, समोर काही हलले की आपोआप फोटो काढणारा, कॅमेरा क्र. १७ बांधला. तो जमिनीपासून दीड फुटावर आहे, कारण तो वाघाच्या मापाने बेतलेला आहे. माणूस त्याच्या हिशेबात नाही. माणूस आलाच तर कमरेच्या खालीच येतो.

श्रीमती मडावी दर सोमवारी त्यातले कार्ड बदलतात. तिसऱ्याच सोमवारी त्या अर्जदाराच्या ओसरीवर आल्या. "चाचा, आमच्या कॅमेऱ्यात तुम्हीच येऊन राह्यले ना? तोंड दिसत नाई, पण मोहरीची टीप वळखली म्या. माह्या पँटीले बी तशीच हाय." महोदय, पँटीच्या तळाला, जिला आम्ही मोहरी म्हणतो तेथे, अर्जदार दुहेरी टीप घालतो. या तालुक्यात दुसरे कोणी घालत नाही. श्रीमती मडावी यांचा तयार गणवेश पुरुषी मापाचा आला होता, तो अर्जदाराने उसवून त्यांच्या अंगाबरोबर करून दिला होता. खात्याच्या तपासकामात मोहरीचा असा उपयोग यापूर्वी झाला नसावा. त्या पुढे म्हणाल्या, "सूर्य वर आल्यावरच जात जा, काठी घेऊन जा, आन् बोलत जा जोरानं." तिन्ही अटी तेव्हापासून पाळल्या जात आहेत. तिसरी पाळायला आबिदा एकटी पुरेशी होती.

५. आता आबिदाच्या चालण्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या नोटिशीतील आकड्याचा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे.

ती अर्जदाराच्या दहा पावले मागे चाले. कोणी सांगितले होते असे नाही. तिला वाटेत सगळ्यांशी बोलायचे असे : शेळ्या घेऊन निघालेल्या बायांशी, त्यांच्या शेळ्यांशी, तलावातल्या बगळ्यांशी. अर्जदार पुढे चाले आणि मागून चपलांचा आवाज व बोलणे येत राही. "हळू चाला, वाघ कोठी पळून नाई चालला." "मान वर करा. मशीन नाई होय ती, जमीन होय." एक्केचाळीस वर्षे मान खाली घालून बसलेल्या माणसाला मान वर करायला शिकवणे सोपे नसते. तिने अकरा आठवड्यांत शिकवले.

आपला कॅमेरा एक फोटो काढला की दहा सेकंद दम खातो. ही माहिती श्रीमती मडावी यांनीच दिली. अर्जदार समोरून गेला की त्याचे पाय टिपले जात, मग कॅमेरा दम खाई, आणि नेमकी त्याच वेळात दहा पावले मागून येणारी आबिदा निघून जाई. पुन्हा कॅमेरा जागा होई तोवर वाट रिकामी. त्यामुळे अकरा आठवडे ती रोज चालली, आणि आपल्या अभिलेखात ती जवळजवळ नाहीच.

जवळजवळ असे म्हणण्याचे कारण, दि. ३ डिसेंबर २०२४, मंगळवार. त्या सकाळी पाळीवरच्या ओल्या मातीत वाघाची ताजी पावले होती. आबिदाने ती पाहिली, बोलणे थांबवले आणि भराभर चालत येऊन अर्जदाराच्या बरोबरीने चालू लागली. पुढे तर अर्धे पाऊल तीच होती. अर्जदाराने विचारले, घाबरली का? ती म्हणाली, "मी काऊन घाबरू? तुम्ही एकटे घाबरसान म्हणून आलो." तेवढ्यात मोहाचे झाड आले.

त्या फोटोत चार पाय आहेत. दोन राखाडी पँटीतले, दोन हिरव्या सलवारीतले. सलवारीची मोहरी अर्जदारानेच शिवलेली. तिच्या उजव्या पायाची टाच उचललेली आहे. खाली पट्टीवर वेळ ७.५२, तापमान १४ अंश, आणि चंद्राची कोर छापलेली आहे. चेहरे नाहीत. आबिदाने लग्नानंतर फोटो म्हणून काढू दिला नाही. म्हणे, जाडी दिसतो. आधार कार्डावरचा आहे, त्यात ती फोटो काढणाऱ्यावर रागावलेली आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात दोघे बरोबरीने चालताना काढलेला एकच फोटो आहे, आणि तो वनखात्याने काढलेला आहे. याबद्दल अर्जदार खात्याचा आभारी आहे, आणि वाघाचाही.

६. दि. २२ डिसेंबर २०२४ रोजी, चार दिवसांच्या तापानंतर, चंद्रपूरच्या दवाखान्यात आबिदा वारली.

याबाबत अधिक तपशील अर्जाच्या विषयाशी संबंधित नाही.

७. तिला ताप आला तेव्हापासून अर्जदार चोवीस दिवस चालला नाही. लोक येऊन बसून गेले. अजीम पंधरा दिवस राहून ड्युटीवर गेला. अर्जदार ओसरीवर मशीनसमोर बसे. मशीनवर कापड नसे. जेवण शेजारून येई आणि ताट शेजारी परत जाई. चोवीस दिवस ही संख्या अर्जदाराने मोजलेली नाही. ती श्रीमती मडावी यांनी मोजली. सोमवारी कार्ड काढून त्या थेट घरी आल्या. उभ्यानेच म्हणाल्या, "चाचा, चोवीस दिवस झाले, कॅमेऱ्यात कोणीच नाई. शेळ्या येऊन राह्यल्या, डुकरं येऊन राह्यले. तुम्ही काऊन नाई?"

महोदय, त्या चोवीस दिवसांत अनेकांनी अर्जदाराला धीर दिला. 'तुम्ही काऊन नाई' असे विचारणारी सरकारची एक कर्मचारी तेवढी निघाली. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर अर्जदार काठी घेऊन पाळीवर गेला. तिसऱ्या अटीप्रमाणे मोठ्याने बोलणे आवश्यक होते. मागे कोणी नव्हते, म्हणून तो कॅमेऱ्याशी बोलला.

८. येथून पुढचा मजकूर नोटिशीतील 'उपकरणाशी छेडछाड' या आरोपासंबंधी आहे. तो अर्जदार अंशतः मान्य करतो. गोष्टी अशा घडल्या :

मोहापाशी पोचल्यावर अर्जदार कॅमेऱ्याला रोज आदल्या दिवसाची हकिगत सांगे. साखर किती आली, काय शिजवले, मीठ किती जास्त झाले. तीन महिन्यांनी श्रीमती मडावी यांच्याकडून कळले की या कॅमेऱ्यात आवाज येत नाही. तोपर्यंत बरेचसे सांगून झाले होते. पुढे साखरेचा रिपोर्ट आला की तो अर्जदार दीड फुटाच्या उंचीवर धरून उभा राही. ईदला नवे कपडे घालून चार फेऱ्या मारल्या, कारण घरात ते पाहायला कोणी नव्हते. नोटिशीत 'सतरा छायाचित्रांत सदर इसम खाली बसून उपकरणात डोकावत असल्याचे' म्हटले आहे. ते डोकावणे नव्हे, सलाम आहे. दीड फुटावरच्याला सलाम करायचा तर खाली बसावे लागते. आणि लक्षात घ्यावे की, हाच अर्जदार दोन वर्षांपूर्वी खाली बसला तर दोन माणसे लागत उठवायला. नमाज खुर्चीवर पढावी लागे. गेल्या रमजानपासून तो जमिनीवर पढतो, आणि हात न टेकता उठतो. मशिदीतल्या एकाने हे पाहिले आणि म्हटले, माशाअल्लाह. बाकी त्याची नोंद फक्त आपल्या कार्डात आहे.

कॅमेऱ्यासमोरचे गवत अर्जदाराने कात्रीने कापले, हेही खरे आहे. मोहरी झाकली जात होती.

९. चालण्याचे लाभ पुढीलप्रमाणे आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अर्जदार टेपने स्वतःची कंबर मोजतो व आपल्या सर्वांच्या मापांच्याच वहीत लिहितो : ४१, ४०, मध्ये जानेवारीत काही नाही, मग ४०, ३९, आणि आता ३७. उपाशीपोटीची साखर डॉक्टर आता कागद सुलटा ठेवून लिहितात. जिना चढताना मध्ये थांबून भिंतीचा रंग बघितल्यासारखे करावे लागत नाही. झोप लागते. कुशीवर वळले की जाग येते, पण ते चालण्याने बरे होण्यासारखे नाही असे डॉक्टरांचे मत पडले.

घरातही हालचाल वाढविली आहे. पूर्वी आबिदा पाण्याचा तांब्या मशीनपाशी आणून ठेवी. आता तो मुद्दाम मागच्या खोलीत ठेवला आहे. किराणा एकदम आणला जात नाही. साखर बंदच आहे, पण चहापत्ती एका खेपेत, दूध दुसऱ्या खेपेत, काडेपेटी तिसऱ्या खेपेत. दुकानदार बायनाबाईंना वाटते अर्जदाराचे डोके फिरले. त्या म्हणतात, "एकदाच काऊन नेत नाई जी? लिस्ट करून आना ना." अर्जदार सांगतो, पावले होतात. पावले तर होतातच. शिवाय तीन खेपांत तीनदा 'काऊन' ऐकायला मिळते, हे तो बायनाबाईंना सांगत नाही.

१०. आता नोटीस. तिच्यात म्हटले आहे की, क्र. १७ च्या एकूण २,४३१ छायाचित्रांपैकी शेळ्यांची ४१८, रानडुकरांची ६१, माकडांची ४४, वाघाची २, आणि उर्वरित १,९०६ 'एकाच इसमाच्या पायांची' आहेत. यामुळे बॅटरी व कार्ड वाया जाते, सबब कॅमेरा दुसऱ्या बीटात हलवून सर्व मानवी छायाचित्रे नष्ट करण्यात येतील, आणि अर्जदाराने पाळीवर फिरकू नये.

वाघाविषयी अर्जदाराला पूर्ण आदर आहे. त्या जागी वाघ चौदा महिन्यांत दोनदा आला, दोन्ही वेळा पहाटे साडेतीनला, आणि जंगलाकडे तोंड करून. शेवटचा आला त्यालाही नऊ महिने झाले. तो पुन्हा आल्याचे आपण कळवावे, अर्जदार त्याच दिवशी पाळ सोडील. जीव नको झाला आहे असे नाही, उलट एवढी मेहनत घेऊन सदतिसावर आणलेली कंबर वाघाला देण्याची त्याची इच्छा नाही. परंतु आकडेच पाहायचे तर त्या पाळीवर नियमितपणे, निर्धारित वेळेत आणि दोन पायांवर चालणारा प्राणी एकच आहे. तो दुर्मीळ आहे, त्याची जोडी उरलेली नाही, आणि त्याचा अधिवास धोक्यात आहे. हे सर्व शब्द आपल्याच खात्याच्या फलकावरून घेतले आहेत.

नोटिशीतील आकड्यास मात्र अर्जदाराची स्पष्ट हरकत आहे. १,९०६ छायाचित्रे एकाच इसमाच्या पायांची नाहीत. एकाच इसमाची १,९०५ आहेत. एक दोघांचे आहे. सरकारी कागदात ही चूक तशीच राहिली तर दि. ३ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७.५२ वाजता अर्जदार पाळीवर एकटाच होता, असा अर्थ होईल. तो एकटा नव्हता. कृपया दुरुस्ती व्हावी.

११. श्रीमती मडावी यांना मेमो दिला आहे की, मानवी छायाचित्रे मुदतीत पुसण्याचा नियम असताना त्यांनी ती का ठेवली. त्यांचा खुलासा अर्जदाराने वाचलेला नाही. अर्जदाराने विचारले तेव्हा म्हणाल्या, "लिहिलं का, पुसाचं राहून गेलं. आन् काय लिहू चाचा?" राहून गेलेले नाही. आबिदा वारल्यावर अर्जदाराने तो फोटो एकदाच मागितला होता, त्यांच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर पाहिला आणि विचारले की, हा राहू देता येईल का. त्यांनी तो पुसला नाही. आणि एक ठेवला तो डोळ्यांवर येऊ नये म्हणून बाकीचेही ठेवले, असा अर्जदाराचा कयास आहे. म्हणजे १,९०५ ची खोगीरभरती एकासाठी झाली. दोष द्यायचा तर अर्जदाराच्या पायांना द्यावा, ते नोकरीत नाहीत.

१२. पाळ बंद झाली तर काय होईल, हेही कळविणे आवश्यक आहे. अजीमला घोट्याचे प्रकरण कळल्यापासून तो घड्याळावर विश्वास ठेवत नाही. अब्बा चालतात याचा त्याच्या दृष्टीने एकच पुरावा आहे, तो म्हणजे सोमवारी श्रीमती मडावी फोनवर सांगतात ते : "हाव भाऊ, आले सहाही दिवस. शुक्रवारी नाई आले, पण तुमच्या अब्बाले सर्दी होती." कॅमेरा गेला की तो अर्जदाराला गडचांदूरला नेणार, असे ठरले आहे. मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे. तिसऱ्या मजल्यावर क्वार्टर आहे, आणि हॉलमध्ये चालण्याचे यंत्र घेऊन ठेवले आहे, ज्यात खालचा पट्टा मागे सरकतो आणि माणूस जागच्या जागी चालतो. अजीमच्या कारखान्यातही तसाच पट्टा आहे, त्यावरून चुनखडीचे दगड जातात. दगड निदान कोठेतरी पोचतात. आणि महोदय, त्या हॉलमध्ये आबिदा कधीच दहा पावले मागे चाललेली नाही. पाळीवर ती अजून चालते. आवाज येत नाही एवढेच. तो तर आपल्या कॅमेऱ्यातही येत नाही.

१३. तरी पुढीलप्रमाणे विनंती आहे.

श्रीमती मडावी यांचा मेमो मागे घ्यावा. कॅमेरा क्र. १७ जागेवर राहू द्यावा. बॅटरीचा प्रश्न असल्यास बंद स्थितीत ठेवावा. तेही शक्य नसल्यास त्याचे रिकामे खोके तरी झाडाला राहू द्यावे, आत काही नाही हे अर्जदार वाघाला किंवा शेळ्यांना सांगणार नाही. चार पायांचा फोटो 'मानवी हालचाल' या सदरातून काढून अन्य कोणत्याही सदरात ठेवावा, पण ठेवावा. महोदयांनी एखाद्या सकाळी प्रत्यक्ष स्थळपाहणी करावी, पायी. त्याने अर्जाचा निर्णय लवकर होईल आणि पँटीचाही प्रश्न सुटेल. त्या दिवशी अर्जदार दहा पावले मागे चालायला तयार आहे.

परंतु नियम असतात, आणि ते पाळणाऱ्यांनाही नोकरी असते, हे खाकी शिवणाऱ्याला सांगावे लागत नाही. वरीलपैकी काहीच शक्य नसेल तर अर्ज निकाली काढावा, अर्जदाराची हरकत नाही. मात्र मग एवढेच करावे. कॅमेरा उतरवायला माणूस कोणत्या दिवशी येणार, ते एक दिवस आधी कळवावे.

राखाडी पँटीला इस्त्री करायची आहे.

आपला नम्र आणि अद्याप पायी,

(सही)
वहाब हुसेन शेख
सावरटोला, दि. १ डिसेंबर २०२५

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी.
२) साखरेचे रिपोर्ट, एकूण नऊ (कॅमेऱ्याला दाखविलेलेच).
३) मापाच्या वहीतील पान, महोदयांचे माप त्याच पानावर असल्याने तेवढा भाग दुमडून टाचला आहे.
४) राखाडी कापडाचा तुकडा, दुहेरी टीप घातलेला, पाय ओळखण्यासाठी.
५) हिरव्या सलवारीचे शिवताना उरलेले कातरण, एक. ओळख पटल्यावर परत मिळावे.